जेवणाकडे लक्ष दिल्याने काय बदलते, काय बदलत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

धुळ्याला आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘माइंडफुल इटिंग’, म्हणजे जाणीवपूर्वक जेवणे, शिकवायचे तू ठरवले आहेस आणि त्यामुळे खाण्याचे प्रमाण आटोक्यात येऊन आहाराचा दर्जाही सुधारेल, असे तुला वाटते. एकाच वाक्यात लिहिलेल्या या दोन अपेक्षा तू आधी वेगळ्या कराव्यास, असे मला वाटते. पहिलीला बऱ्यापैकी आधार आहे आणि दुसरीला फार थोडा. हा फरक तुझ्या मनात स्पष्ट नसेल, तर रुग्णाने तुझे सगळे ऐकूनही त्याचे ताट होते तसेच राहील.

आधी प्रमाणाविषयी लिहिते. एरिक रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. जेवताना लक्ष दुसरीकडे असेल तर माणूस त्या वेळी जास्त खातोच, पण त्यानंतरच्या खाण्यातही, म्हणजे चहाबरोबरच्या फराळात किंवा पुढच्या जेवणात, भर पडते आणि ही नंतरची भर अधिक मोठी असते, असे त्यात दिसले. याचे कारण आठवणीत आहे. पोट ताणले गेल्याचा निरोप आणि आतड्यांतून स्रवणारी संप्रेरके तृप्ती निर्माण करतात हे तू शिकलीच आहेस. परंतु ‘मी नुकताच जेवलो आणि पुरेसे जेवलो’ ही आठवणदेखील पुढची भूक ठरवत असते. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तीव्र स्मृतिलोप झालेल्या दोन रुग्णांविषयी लिहिले होते. दुपारचे जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्यांच्यासमोर पुन्हा ताट ठेवले, तर ते पुन्हा जेवत असत, कारण आधीच्या जेवणाची आठवणच त्यांच्यापाशी नव्हती. मोबाइलवर नजर ठेवून डबा संपवणाऱ्या मुलाची स्मृती शाबूत असते, पण त्या जेवणाची आठवण मात्र पुसटच तयार होते.

आपल्याकडच्या घरांत ही गोष्ट मोबाइलपेक्षाही एका जुन्या सवयीत अधिक दिसते. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी बाई मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेले दोन पळ्या वरण आणि उरलेला भाताचा गोळा ओट्यापाशी उभ्यानेच संपवते, कारण अन्न टाकवत नाही. दिवसभरात काय खाल्ले असे तू विचारशील, तेव्हा ती दोन वेळचे जेवण आणि चहा एवढेच सांगेल. ती खोटे बोलत नसते. उभ्याने खाल्लेले ते घास तिच्या हिशेबात जेवण म्हणून नोंदलेच गेलेले नसतात. म्हणून तिला ‘सावकाश चावून खा’ असे सांगण्याआधी ‘उरलेले खायचेच असेल तर ताटात वाढून घे आणि बसून खा’ असे सांग. माझ्या मते या एका सूचनेचा उपयोग श्वासाकडे लक्ष देण्याच्या कोणत्याही सरावापेक्षा अधिक होतो.

आता दर्जाविषयी. जाणीवपूर्वक आणि अंतःप्रेरणेने, म्हणजे भूक आणि तृप्ती यांचे शरीराचे संकेत ऐकून, खाण्याच्या पद्धतींचा आहारावर काय परिणाम होतो, याचा एक पद्धतशीर आढावा २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील बहुसंख्य अभ्यासांत एकूण ऊर्जेच्या सेवनात किंवा आहाराच्या दर्जात ठळक फरक आढळला नाही. हे वाचून निराश होऊ नकोस. थोडा विचार केला तर त्यात नवल वाटत नाही. घास तोंडात गेल्यावर त्याकडे कितीही लक्ष दिले, तरी ताटात जे वाढले आहे तेच तोंडात जाणार. ताटात काय यावे हे बाजारच्या दिवशी, पिशवी घेऊन निघालेल्या माणसाच्या खिशात किती पैसे आहेत यावर आणि स्वयंपाकाला किती वेळ आहे यावर ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २००० किलोकॅलरींच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात आणि एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक वाटा धान्यांचा नसावा. हिवाळ्यात वांगी, मेथी, हरभऱ्याचा पाला मुबलक असताना हे साधता येते. वैशाखात भाजी महाग होते, तेव्हा पातोडी, डुबुकवडे आणि शेवभाजी यांवर घर चालते. बेसन हे डाळीचे पीठ असल्याने प्रथिनांच्या दृष्टीने वाईट नाही, पण शेवेतले तेल आणि वर तरंगणारी तर्री मोजली, तर त्या ताटाचा हिशेब निराळाच येतो. तो बदलायचा असेल तर तेल ओतणाऱ्या हाताशी बोलावे लागेल, आणि तो हात पुष्कळदा तुझ्यासमोर बसलेल्या रुग्णाचा नसतो.

या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना दाखल करून घेऊन केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेले, आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचा खाण्याचा वेगही अधिक होता. म्हणजे अन्न कसे आहे यावरही लक्ष किती राहील हे ठरते. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या एकत्र पिठाची, भाकरी घे. तिचा काठ दातांखाली तुटायला वेळ लागतो, उडदाचा खरबरीतपणा जिभेला जाणवतो, भरिताबरोबर कच्चा कांदा किंवा मुळा चावावा लागतो आणि ठेच्याचा तिखटपणा मध्येच थांबवून पाणी प्यायला लावतो. असे जेवण घाईने उरकताच येत नाही. तेच रस्स्यात भिजून मऊ झालेली शेव आणि पाव काही मिनिटांत, फारसे न चावता संपतात. म्हणून लक्ष देण्याची सवय वाढवून दर्जा सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा चावावे लागणारे अन्न ताटात आणून लक्ष वाढवणे, हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो.

काही जणांना मात्र हा उपदेश करूच नकोस. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या, मुळातच पोटभर न मिळणाऱ्या आईला ‘पोट थोडे रिकामे ठेव’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिला रेशन, अंगणवाडीचा आहार आणि रक्ततपासणी यांची माहिती दे. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही रुग्णाला ‘भूक लागेल तेव्हाच खा’ असे कधीही सांगू नकोस, कारण त्याच्या जेवणाच्या वेळा औषधाशी बांधलेल्या असतात. एखादी मुलगी लपून भरमसाट खाते आणि मग उलटी करते असे लक्षात आले, तर तो विषय आपल्या टेबलावर न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे सोपव.

बाकीच्यांसाठी सुरुवात अगदी लहान ठेव. दिवसातले एकच जेवण निवडायला सांग. त्या वेळी दूरदर्शन बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडे थांबायला सांग. संध्याकाळी चहाबरोबर काही उचलण्यापूर्वी दुपारी काय जेवलो ते नीट आठवायला सांग. सुझान हिग्ज यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात केलेल्या प्रयोगांत असे आठवल्याने नंतरचे खाणे कमी झाले होते. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीवर तुपाची धार धरून आग्रह करणाऱ्या मामांपुढे ही कोणतीच युक्ती चालत नाही. वर्षातल्या अशा चार जेवणांवर वादही घालू नये.

पहिल्या महिन्यातल्या रुग्णांच्या नोंदी ठेवताना दोन रकाने कर: एकात किती खाल्ले ते आणि दुसऱ्यात घरी किती भाजी आली ते. दुसरा रकाना भरण्यासाठी बाजार करणाऱ्या व्यक्तीला एकदा सोबत बोलावून घे. दिवाळीला जळगावला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आपण ती मिळून वाचू.

तुझ्या,
बाई