हात सैल, ग्लोव्ह समोर : सॉफ्टबॉलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की लहान मुलींचं पिचिंग, म्हणजे हात खालून गोल फिरवून बॉल टाकणं, बघताना बॉलच्या हाताआधी ग्लोव्हचा हात बघा. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी बाकीचे खेळ बाजूलाच ठेवलेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहा महिने झाले पिचिंग शिकतीये. ग्राउंडवर सांगतात मनगट झटक आणि बॉल सोडल्यावर कोपर कानापर्यंत वर ने. घरी तिचे बाबा क्रिकेटवाले, ते म्हणतात हात एकदम ताठ पाहिजे. व्हिडिओत तिसरंच काहीतरी. पोरगी गोंधळलीये आणि बॉल सगळे कॅचरच्या (समोर बॉल झेलायला बसलेल्या मुलीच्या) डोक्यावरून जातायत. कोणाचं ऐकायचं?
– एक आई, तिलकनगर, इंदूर

उत्तर : आधी बाबांना सांगा की रागावू नका, पण ताठ हात हा क्रिकेटचा नियम आहे, कारण तिथे कोपर वाकून सरळ झालं की चेंडू फेकला असं म्हणतात. सॉफ्टबॉलमध्ये तशी काही अट नाही. आपल्या इंदुरात घरटी एक क्रिकेटवाला असतो त्यामुळे ही गडबड मी दर सीझनला बघते, मुलगी बिचारी हाताची काठी करून फिरवते आणि मग खांदा दुखतो म्हणते.

आता मनगट आणि कोपर. मलाही हेच शिकवलं होतं, मांडी घालून बसायचं आणि नुसतं मनगट झटकत शंभर बॉल मारायचे, मी ते इमानदारीत केले आणि वर्षभर माझा स्पीड होता तिथेच होता. मनगट छोटा सांधा आहे हो, जोर तिथून येत नाही, ते सैल ठेवलं की शेवटी आपोआप चालतं. आणि कोपर कानापर्यंत नेण्यात काय अर्थ आहे ते मला आजवर कळलेलं नाही, कारण तोपर्यंत बॉल हातातून गेलेला असतो, गेलेल्या बॉलला तुम्ही काय करणार? उलट मुलीच्या डोक्यात ‘वर न्यायचंय’ बसलं की ती बॉल सोडण्याआधीच कोपर उचलायला लागते, बॉल उशिरा सुटतो आणि डोक्यावरून जातो. तुमच्याकडे बहुतेक हेच चाललंय.

मग करायचं काय? उजव्या हाताची असेल तर तिला थर्ड बेसच्या बाजूने, म्हणजे तिच्या उजवीकडून बघा आणि समोर घड्याळ आहे असं धरा. पुढे ३, वर १२, मागे ९, खाली ६. हात ३ वरून वर जातो, १२ ला कानाजवळून जातो, इथपर्यंत लांब पण सैल. ९ ला आला की तळहात बघा. तो थर्ड बेसकडे किंवा थोडा आकाशाकडे असायला हवा, सेकंड बेसकडे, म्हणजे तिच्या पाठीमागच्या बाजूला तोंड करून असला तर ती बॉल ढकलणार हे नक्की. ९ पासून खाली येताना आधी दंड अंगाजवळ येतो, कोपर जरासं वाकलेलं, हाताचा खालचा भाग आणि बॉल मागून येतायत. मग कोपराखालचा भाग कमरेजवळ अंगाला हलकेच घासतो, तिथे दंड थांबल्यासारखा होतो आणि पुढचा भाग चाबकासारखा निसटतो, तळहात आपोआप आत वळतो. बॉल सुटतो तो कमरेपाशीच. गोफण फिरवलेली बघितली असेल तर लगेच कळेल, दोरीच्या जागी काठी असती तर दगड किती लांब गेला असता?

घरी करायला दोनच गोष्टी. एक, भिंतीजवळ उभं करा, बॉलचा हात भिंतीकडे आणि मध्ये वीतभर जागा, आणि रिकामा हात सावकाश फिरवायला लावा, हात पाठीमागे गुंडाळला जात असेल तर भिंत लगेच सांगते. दुसरं, जुन्या मोज्यांचा गोळा करून १० फुटांवरून पडद्यावर, फक्त ९ पासून खाली. पूर्ण चक्कर नाही आणि जोर तर अजिबात नाही. हे १५ दिवस. मग ग्राउंडवरच्या सरांशी शांतपणे बोला, भांडू नका, त्यांनाही कोणीतरी तेच शिकवलेलं असतं.

प्रश्न : मी शाळेत पीटी घेतो. आमच्या मुली पिच करताना ग्लोव्ह जोरात मांडीवर आपटतात, आवाज येतो म्हणून त्यांना भारीच वाटतं. दोघी-तिघींचा ग्लोव्ह तर पार पाठीमागे जातो. याने खरंच फरक पडतो का?
– एक शिक्षक, इंदूर

उत्तर : सर, पडतो, आणि चांगलाच पडतो. आवाज पिचिंगचा नसतो, वाया गेलेल्या ताकदीचा असतो.

सुरुवातीला दोन्ही हात एकत्र, मग ग्लोव्ह बॉलच्या हाताबरोबरच पुढे कॅचरकडे जातो, साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत. तिथे तो पुढचा खांदा लांब पावलाबरोबर ताणून धरतो. बॉलचा हात वरून खाली यायला लागला की ग्लोव्हचं कोपर वाकतं आणि ग्लोव्ह छाती-पोटाच्या समोर परत येतो. बस, एवढंच काम. तो बाहेर भिरकावला किंवा मागे गेला की डावा खांदा लवकर उघडतो, कंबर त्याच्यामागे फिरते आणि बॉलच्या हाताला घासून जायला जागा उरत नाही, मग ती पोरगी कमरेला वळसा घालून बॉल टाकते. तुम्ही हाताला नावं ठेवत बसता आणि चूक असते दुसऱ्या हातात. मांडीवर आपटणारी तर पुढे वाकतेच, आणि वाकली की पुढच्या पायावर घट्ट उभं राहता येत नाही. तो पाय साधारण ४५ अंशात तिरका टेकून घट्ट राहिला तरच मागून आलेला वेग हातात जातो.

आणि अजून एक, जे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पावलामुळे पिचर अजून पुढे येते. तिथून सरळ तोंडावर फटका आला तेव्हा ग्लोव्ह मांडीपाशी असेल तर? बॉल सुटला की ग्लोव्ह समोरच हवा, शक्य असेल तर फेस मास्क पण घाला, मुली लाजतात, लाजू द्या.

एक करून बघा, ग्लोव्ह काढून रिकाम्या हाताने पिच करायला लावा. निम्म्या मुली तिथेच सुधारतात, कारण शाळेच्या पेटीतले ग्लोव्ह मोठ्यांचे असतात आणि एवढं ओझं बारक्या मनगटाला धरवतच नाही.

प्रश्न : काका लोक म्हणतात ११ वर्षांच्या मुलीला पण मोठाच बॉल द्या, सवय होईल. खरंय?
– एक वडील, इंदूर

उत्तर : सवय होईल म्हणून नको, हात बघून द्या. अमेरिकेत १० वर्षांखालच्या मुलींना ११ इंच घेराचा बॉल आणि ३५ फूट अंतर असतं, १२ वर्षांखाली मोठ्यांचाच १२ इंची बॉल, पण अंतर ४० फूट. बोटं बॉलला नीट धरू शकली नाहीत तर मुलगी तो तळहातात कोंबते आणि सगळी शिकवणी पाण्यात. अंतर कमी करा, कोणी काही म्हणत नाही.

प्रश्न : ताई मी १३ वर्षांची आहे. मला राइज बॉल (वर उठतोय असा वाटणारा बॉल) शिकायचाय. पण दोन आठवडे झाले खांद्याच्या पुढे दुखतंय, पुढच्या रविवारी मॅच आहे आणि टीममध्ये पिचर मी एकटीच. आई म्हणते खालून टाकतेस त्यात कसलं दुखणं.
– ‘चिमणबागवाली’

उत्तर : बाळा, हे पत्र आईला पण वाचून दाखव. खालून टाकलं की हाताला त्रास नाही हा जुना गैरसमज आहे. हात ९ वरून खाली येतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स, खूप ताण घेतो, वरून फेकताना घेतो त्यापेक्षाही जास्त, आणि तू सांगतेस ती जागा नेमकी त्याचीच आहे. तुझ्या वयात हाडं वाढत असतात, त्यामुळे बाम चोळून खेळायचं नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

तुला कोणीतरी युकिको उएनोची गोष्ट सांगेलच, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या या पिचरने दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले आणि अमेरिकेला फायनलमध्ये ३-१ ने हरवलं. पण ती तेव्हा २६ वर्षांची होती गं, तू तेरा. टीममध्ये पिचर एकच असणं ही तुझी चूक नाही, ते मोठ्यांनी बघायचं होतं.

राइज बॉल नंतर. आधी सरळ बॉल दहापैकी सात वेळा पाहिजे तिथे पडू दे, मग चेंज-अप, म्हणजे फसवा हळू बॉल, त्यानंतर बोलू. रविवारी स्कोअरबुक घे आणि डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर बस, आणि समोरच्या पिचरचा ग्लोव्ह कुठे जातो ते प्रत्येक बॉलला लिहून ठेव. मला पाठव ते.