‘कडक कायदा असता तर हे झालंच नसतं ना?’

“मॅडम, याला कडक कायदाच हवा. चार जणांना आत टाकलं की बाकीचे सरळ होतील.” ऑनलाइन छळ सोसणाऱ्या मुलांचे बहुतेक पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या आल्या हेच म्हणतात. त्या दिवशी एक बाबा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाले. शेजारी त्यांची तेरा वर्षांची मुलगी होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिचा जांभई देतानाचा फोटो घेऊन कुणीतरी स्टिकर बनवलं होतं, वर तिच्या वजनावरून एक ओळ. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काहीही लिहिलं की खाली तेच स्टिकर. मग तिच्या नावाचं खोटं खातं निघालं. बाबा बोलत होते तेव्हा फोन तिच्या मांडीवर पालथा पडला होता. तो थरथरला की ती बाहीचं टोक बोटाभोवती गुंडाळायची. उचलत नव्हती, बंदही करत नव्हती.

बाबांना बाहेर बसवून मी विचारलं, चार महिने घरी का नाही सांगितलंस?

“फोन काढून घेतला असता. मग ग्रुपवर माझ्याबद्दल काय चाललंय तेही कळलं नसतं.”

हे उत्तर मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता पालकांना पहिल्याच भेटीत सांगते, फोन हिसकावून घेऊ नका. मुलाला वाटतं, त्रासही मलाच आणि शिक्षाही मलाच.

कायदा हवा का? हवाच. पण बाबांच्या मनातला कायदा एक होता आणि मुलीला हवा होता तो दुसराच. कुणी तुरुंगात जावं असं तिला वाटत नव्हतं. ते खातं त्याच रात्री दिसेनासं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. ते बंद व्हायला अकरा दिवस लागले. त्यातले सहा दिवस ती शाळेत गेली नाही.

म्हणूनच इटलीचा २०१७ चा कायदा मला मोलाचा वाटतो. तिथे १४ वर्षांवरचं मूल मजकूर काढायची मागणी स्वतः संकेतस्थळाकडे करू शकतं. ४८ तासांत काही झालं नाही, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी यंत्रणेकडे जाता येतं. न्यूझीलंडच्या २०१५ च्या कायद्यात शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची. पण तक्रार सहसा आधी एका नेमलेल्या संस्थेकडे जाते, ती मध्यस्थी करते आणि गरज पडल्यास न्यायालय मजकूर हटवायला सांगतं.

रागाच्या भरात केलेला कायदा मात्र टिकत नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात एका किशोरवयीन मुलीच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये कायदा झाला. त्यातली व्याख्या इतकी ऐसपैस होती की २०१५ मध्ये न्यायालयाने तो रद्दच केला. नवा कायदा लागू व्हायला २०१८ उजाडलं. मधल्या काळातल्या मुलांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कायदा कुठलाही असो, पुरावा लागतोच. तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्या, मगच तक्रार करा. मुलाला उत्तर देऊ देऊ नका. धमकी असेल, खासगी फोटो असतील किंवा मूल जीव द्यायची भाषा करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. पोलीस आणि डॉक्टर, दोघांकडेही जा.

खोटं खातं काढणारा तिच्याच वर्गातला निघाला. तोही तेरा वर्षांचाच. हे कळल्यावर बाबा पहिल्यांदा गप्प झाले. पुढे काय करायचं ते आम्ही मुलीला विचारून ठरवलं. तिला सगळ्या वर्गासमोर माफी नको होती. बंद खोलीत, दोघांच्या आई-वडिलांसमोर बोलायचं होतं.

तिने त्याला एकच प्रश्न विचारला. “तो फोटो सहलीला तूच काढला होतास ना? तेव्हा तर आपण मित्र होतो.”

त्याने मान खाली घातली. आता तोही दर आठवड्याला माझ्याकडे येतो.