सेंद्रिय शेती नव्याने सुरू केली आहे, सल्ल्याला आणि मदतीला माणसं कशी जोडू?

तीन एकर सेंद्रिय करायला घेतलं आणि विचारायला जवळ कुणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिली माणसं शिवारातच शोधा. लांबचा तज्ज्ञ फोनवर सांगेल, बांधावर येणार नाही.

तुमच्या किंवा शेजारच्या गावातले किमान पाच शेतकरी जमले की पीजीएस-इंडिया या सरकारी सहभागी प्रमाणीकरण योजनेचा स्थानिक गट करता येतो. यात गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात, त्यामुळे प्रमाणीकरण स्वस्त पडतं. निर्यात करायची असेल तर मात्र एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्रच लागतं. गट बहुधा भिडेपोटी बिघडतो. ‘त्याचं काय बघायचं’ म्हणत सही होते आणि एकाचा डाग सगळ्यांना लागतो. म्हणून खताचा खड्डा, औषधांची खोली, फवारणी पंप आणि नोंदवही प्रत्येकाची बघाच. ज्याचं शेत तुम्ही तपासलं, त्याने तुमचं तपासू नये.

पंपाकडे जास्त लक्ष द्या. तणनाशक मारलेला पंप वरवर विसळला तरी नळीत आणि नोझलच्या जाळीत अंश राहतो. टू-फोर-डी या तणनाशकाच्या तेवढ्याशा अंशानेही कापसाची, टोमॅटोची पानं वाकडी होतात. गटाने वर्गणी काढून स्वतंत्र पंप घ्यावा, तो बाहेर कुणालाही देऊ नये.

रासायनिक शेती करणारा शेजारीही आपल्या माणसांत हवाच. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन कर, एवढंच त्याला गोडीत सांगा. मध्ये शेवरीची दाट ओळ लावा, त्याच्या रानातलं पाणी चर काढून वळवा, बांधालगतचा माल वेगळा ठेवा.

कृषी विज्ञान केंद्रात रिकाम्या हाताने जाऊ नका. रोगट झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून सडतं आणि मूळ रोग ओळखू येत नाही. मातीसाठी आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा १५ ते २० सेंमी खड्डा घ्या, कडेची माती खरवडून एकत्र करा, त्यातली अर्धा किलो द्या. बांध आणि उकिरड्याजवळची जागा टाळा. गटाची नोंदणी आणि प्रशिक्षण यासाठी तालुक्याच्या आत्मा (सरकारची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारा.

ग्राहक पेरणीआधीच गाठा: कोणत्या आठवड्यात किती किलो, प्रतवारी कोण करणार, वाहतूक कुणाची, हे लिहून घ्या. हंगामी पिकांना सुमारे २४ आणि फळबागेला ३६ महिने रूपांतराचे, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात जाण्याचे धरा. तोवर माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकू नका, ‘रूपांतर काळातला’ असंच सांगा.