खाऱ्या रानात कडधान्य: तुमचे प्रश्न

प्रश्न : तापीकाठी आमचं काळं रान आहे. दादर ज्वारी चांगली येते, पण हरभरा वीतभर झाला की पानांच्या कडा करपतात. जमिनीवर पांढरी पापडी दिसते. जिप्सम टाकू का? (शेतकरी, अमळनेर तालुका)

उत्तर : दादा, माती तपासल्याशिवाय जिप्समची एकही गोणी आणू नका. खारवट आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत. पांढरी पापडी आली, पण खालची माती भुसभुशीत असेल तर जमीन खारवट. चोपण रान पाणी पीत नाही, डबकं साचून राहतं आणि वाळलं की दगडासारखं होतं. तिथे सामू (पीएच) सहसा ८.५ च्या वर असतो. जिप्सम हे चोपणाचं औषध. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेलं सोडियम सोडवतं. खारवट रानाला हवं गोडं पाणी आणि ते बाहेर काढणारा चर. चर नसताना पाणी भरलंत तर भूजल वर येतं आणि क्षार पुन्हा वरच.

अहवाल वाचताना एक काळजी घ्या. ईसी म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, विद्युतवाहकता. ‘ईसी ४ च्या वर म्हणजे खारवट’ हा नियम संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा आहे. प्रयोगशाळेने एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजलं असेल, तर आकडा बराच लहान येतो. १.५ पाहून निर्धास्त झालेल्यांचीच मला जास्त काळजी वाटते. कोणत्या पद्धतीने मोजलं ते विचाराच.

दादर तगते कारण ज्वारी संपृक्त अर्काची ईसी सुमारे ६.८ असेपर्यंत उत्पन्न न घटता सोसते. हरभरा तेवढा सोशिक नाही. करायचाच असेल तर करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचा ‘करनाल चना १’ हा खाऱ्या जमिनीसाठी काढलेला वाण आधी चार ओळींत लावून पाहा.

प्रश्न : बोअरचं पाणी मचूळ आहे. कोणती शेंग लावू? (शेतकरी, शिंदखेडा तालुका)

उत्तर : गवार. मातीची तीच ईसी ८.८ असेपर्यंत ती टिकते. चवळी आणि सोयाबीन साधारण ५ पर्यंत. घेवडा १ च्या पुढे गेला की उतरायला लागतो, तो नकोच. उगवणीचे दिवस सगळ्यांनाच जड जातात, म्हणून पेरणीआधीची ओलवणी तरी कालव्याच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा.

प्रश्न : बियाण्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) लावूनही चवळीच्या मुळांवर गाठी नाहीत. पाकीट खराब होतं का? (महिला शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, पाकीट शिळं असू शकतं, पण खाऱ्या मातीत झाड हिरवं असतानाच गाठी बसणं थांबतं. झाड अलगद उपटा, गाठ असेल तर फोडा. आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठच नसेल, तर नत्राचा हलका हप्ता द्या. पुढच्या पावसाळ्यात आधी धैंचा हे हिरवळीचं खत घ्या आणि फुलावर येताच गाडा. तो खारही सोसतो, चोपणही.

प्रश्न : सरीवर पेरू की सपाट? ठिबक आहे. (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : सरीला पाणी दिलं तर क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, म्हणून बी बगलेत टोका. ठिबकमध्ये ते ओलाव्याच्या कडेला साचतात. त्यामुळे पीक उभं असताना हलका पाऊस आला तर ठिबक बंद करू नका. तो पाऊस कडेचं मीठ परत मुळांकडे ढकलतो. जमीन नीट भिजेपर्यंत पाणी चालू ठेवा.