14 जानेवारीचा निळा शर्ट

प्रिय सोनू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठात त्या फेब्रुवारीतल्या 'ब्लॅक हिस्टरी मंथ'च्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याच्या) कार्यक्रमात एक गाणं सुरू झालं, अख्खं सभागृह उठून उभं राहिलं आणि तू एकटीच ताट मांडीवर घेऊन बसलेली, हे ऐकून आई पोट धरून हसली. पुढचं ऐकताना मात्र गप्प झाली. मैत्रिणीनं विचारलं, तुम्हा लोकांत असं काही असतं का? तू गणपती सांगितलास, शिवजयंती सांगितलीस. ती म्हणाली, ते नाही गं, ज्यांना दाबून ठेवलं होतं त्यांचं काय? तेव्हा तुला आठवलं, की संक्रांतीला आई काळी चंद्रकळा नेसते आणि बाबा दर वर्षी निळाच शर्ट घालतो. 'त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, बाबा?'

आहे. इतकी वर्षं तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

चंद्रकळेचं सोपं आहे. थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरतो, शिवाय आईच्या माहेरची रीत. निळ्यासाठी 1978 पर्यंत मागे जावं लागेल. मी दहा वर्षांचा होतो. 27 जुलैला मुंबईत विधिमंडळानं ठराव केला, की औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ठराव तिकडे झाला आणि इकडे गावोगाव आमच्या दलितांच्या वस्त्या पेटल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं. आमच्याही वस्तीवर लोक येणार अशी कुणकुण लागली तेव्हा तुझी आजी चुलीपुढे होती. तिनं पातेलं तसंच उतरवून लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि आम्ही ओढ्याकडे निघालो. तुरीचं वरण अर्धं कच्चं होतं. अंधारात आम्ही सगळ्यांनी ते एकाच पातेल्यातून प्यायलं. डाळ दाताखाली कचकच लागायची, ते अजून आठवतं. नावासाठी माणसं घरं कशी जाळतात, हे काही मला तेव्हा कळलं नाही. आजही पूर्ण कळलंय असं म्हणवत नाही.

मग मोर्चे, तुरुंग, नागपूरहून निघालेला लाँग मार्च. जवळजवळ सोळा वर्षं. शेवटी 14 जानेवारी 1994 ला निर्णय झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव तसंच ठेवून बाबासाहेबांचं नाव त्याला जोडलं, म्हणून त्याला नामांतर नाही, नामविस्तार म्हणतात. दिवस नेमका संक्रांतीचा.

पुढच्या वर्षी मी आजीला घेऊन विद्यापीठाच्या गेटवर गेलो. त्या दिवशी तिथं आजही जत्रा असते. खेड्यापाड्यांतून माणसं येतात आणि गेटला नमस्कार करतात. नीट वाच, गेटला. आत देवाची मूर्ती नाही, गाभारा नाही, पुढे परीक्षा विभाग आणि ग्रंथालय. बाहेर पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतांचे मंच, कुठे पुरीभाजी वाटताहेत. आजीला अक्षर येत नव्हतं. कमानीवरचं नाव तिनं मला तीनदा वाचायला लावलं. बंदोबस्तावर एक पोरगेलासा पोलीस उभा होता. आजीनं डबा उघडून तिळाची वडी त्याच्यापुढे धरली. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, 'मावशी, ड्यूटीवर आहे.' आजी म्हणाली, 'मग तोंडात टाक, हातात कशाला धरतोस?' त्यानं टाकली. तो निळा शर्ट मी त्या दिवशी घातला होता. तेव्हाचा कधीच विरला, ही बहुतेक सहावी आवृत्ती.

आता तुमच्या फेब्रुवारीकडे येतो. कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकारानं 1926 मध्ये हा उत्सव एका आठवड्यापुरता सुरू केला. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. फेब्रुवारीच का, तर 12 ला लिंकनची जयंती आणि 14 ला गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसची. लोक या जयंत्या आधीपासूनच साजऱ्या करत होते. आठवड्याचा महिना करायची मागणी 1969 मध्ये ओहायोतल्या केंट स्टेटच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केली आणि 1970 ला तो महिना साजरा करूनही दाखवला. सरकारनं दखल घेतली ती 1976 ला. तुझा कार्यक्रम ज्या न्यू आफ्रिका हाउसमध्ये झाला ते आधी साधं वसतिगृह होतं. 1970 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ते ताब्यात घेतलं.

यातलं मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते डग्लसचं. गुलामाच्या पोराची जन्मतारीख लिहितो कोण? त्यानं मोठेपणी 14 फेब्रुवारी ही तारीख स्वतःच ठरवून घेतली. तू दर वर्षी 1 जूनला मला केक आणतेस ना? ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली. माझ्या वर्गात निम्मी पोरं 1 जूनची होती. डग्लसला निदान निवडता आली.

तुझ्या वर्गातला कोणी म्हणाला म्हणे, की यात इतिहास कुठे आहे, नुसतं खाणं आणि नाचणं. आपल्याकडेही 14 एप्रिल आला की हे ऐकू येतं. डीजेच्या भिंतींनी माझंही डोकं उठतं, खोटं कशाला बोलू. पण आजी बाबासाहेब शिकली ती गाण्यांतूनच. वामनदादा कर्डकांची गाणी तिला पाठ होती. ज्यांच्या हाती पुस्तक पडू दिलं नाही त्यांनी इतिहास गळ्यात ठेवला, पातेल्यात ठेवला. त्याला नुसतं खाणं म्हणणाऱ्याचं पोट बहुतेक आधीच भरलेलं असतं.

आणखी एक. मी ज्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो ते बाबासाहेबांनीच 1950 ला काढलेलं. तिथं अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे आमच्या आधीच्या पिढीच्या मुलांना कृष्णवर्णीय लेखकांबद्दल सांगायचे. 1972 ला मुंबईत दलित पँथर ही संघटना निघाली, ते नावही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. त्याही आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा मैत्रिणीला सांग, असतं. पण 'आमचंही अगदी तुमच्यासारखंच' असं म्हणू नकोस. जहाजात साखळीनं बांधून नेणं वेगळं आणि आपल्याच गावात पाणवठा बंद असणं वेगळं. तिचं आधी ऐक. शिवाय मंडळाच्या हळदीकुंकवात इतकी वर्षं 'शर्ट छान आहे' यावर मी नुसता हसत आलोय, हेही तिला सांगितलंस तरी चालेल.

आता काम. तुमचं ते उंच ग्रंथालय डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताच्या नावाचं आहे आणि त्याची कागदपत्रं तुमच्याच विद्यापीठाकडे आहेत. त्यात बाबासाहेबांनी 1946 ला डुबॉइसला लिहिलेलं एक पत्र आहे. नॅशनल नीग्रो काँग्रेस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, असं विचारणारं छोटं पत्र. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती यांत इतकं साम्य आहे, की कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास करणं स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असं त्यात लिहिलंय. डुबॉइसनं 31 जुलैला उत्तरही दिलं. तू रोज त्या दारातून आत जातेस. मैत्रिणीला घेऊन जा, दोघी मिळून वाचा, आणि मला फोन कर. मी फक्त स्क्रीनवर पाहिलंय.

आईनं तिळाच्या वड्या पाठवल्यात. रथसप्तमी उलटून गेली तरी चालतं म्हणाली. थोड्या कडक झाल्यात, दात सांभाळ.

तुझा,
बाबा