रॅम, एसएसडी की सरळ नवा संगणक?

प्रश्न : घरचा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. चालू केल्यावर पाच-सात मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. मेन स्विच बंद केला की तारीखही मागे जाते. मुलाचा अभ्यास, माझे हिशेब आणि फोटो, एवढंच काम. बजेट तुटपुंजं आहे. काय करू?

उत्तर : एवढ्यात भंगारात काढू नका. मशीन रखडलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र निवांत दिसला, तर प्रोसेसरला बोल लावण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे बहुधा हेच दिसेल. हार्ड डिस्कमधल्या हेडला, म्हणजे माहिती वाचणाऱ्या सुईला, प्रत्येक बारीक फाइलसाठी जागा बदलावी लागते आणि त्यात दर वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. चालू होताना विंडोज अशा हजारो फाइल्स मागतं. त्यात ४ जीबी रॅम भरली की उरलेला पसाराही त्याच डिस्कवर जातो.

म्हणून आधी एसएसडी, म्हणजे हलणारा हेड नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. अडीच इंची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची), २५० जीबीच्या आसपासची पुरे. एनव्हीएमईच्या, म्हणजे थेट बोर्डवर बसणाऱ्या जास्त वेगवान एसएसडीच्या, मोहात पडू नका, त्या काळच्या साध्या बोर्डांवर तिची जागाच नसते. बोर्ड एच८१ चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचं नाव) असेल तर चारपैकी दोनच साटा पोर्ट पूर्ण वेगाचे, ६ गिगाबिटचे असतात. एसएसडी त्यातल्याच एकाला लावून घ्या; बसवणारा घाईत असला की नेमकं हेच राहून जातं.

मग रॅम ८ जीबी करा. डीडीआर३च लागेल, डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. रॅम जुनी घ्यायला माझी हरकत नाही, फक्त रात्रभर मेमरी टेस्ट लावून बघा. पॉवर सप्लाय मात्र मी कधीच जुना घेत नाही.

तारखेचं दुखणं सगळ्यात स्वस्त : बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या साइट्सनाही ‘असुरक्षित’ म्हणतो, तोही त्रास याच सेलबरोबर जाईल.

खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथी पिढी नाही. आडवाटेने ते बसवता येतं, पण ज्यात हिशेब आहेत त्या मशीनवर मी हा खेळ करणार नाही. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम; ते पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं. मुलाचं काम ब्राउझरमध्ये आणि तुमचे हिशेब साध्या स्प्रेडशीटमध्ये असतील तर निभावेल. फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, तर रॅमवर खर्च न करता आठव्या किंवा पुढच्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप बघा. एसएसडी त्यातही लावता येईल.

आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्ड वगैरे कुणी सुचवलं तर कानाडोळा करा. आणि मदरबोर्डच गेला तर या मशीनवर आणखी पैसा नको.

हो, कॅबिनेट उघडण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. इतकी वर्षं चाललेल्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नसते.