इंडेक्स वर आला, फंड का नाही?

"मॅडम, मी घेतला तेव्हा इंडेक्स जिथे होता, आज बरोबर तिथेच आलाय. माझा फंड मात्र पंधरा टक्के खाली. हे पैसे गेले कुठे? मधल्यामध्ये कुणी खाल्ले का?"

आर्थिक समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न सारखा येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा नवखा नसतो. हे गृहस्थसुद्धा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) कित्येक वर्षं शेअर्समध्ये नियमित ट्रेडिंग करणारे. चार्ट वाचतात, स्टॉप-लॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची ऑर्डर) लावतात, तोटा झाला तर दुसऱ्या दिवशी सरळ उठून कामाला लागतात. त्यांनी तंत्रज्ञान कंपन्यांच्या इंडेक्सवरचा तिप्पट लिव्हरेज्ड फंड, म्हणजे उधारीच्या जोरावर इंडेक्सच्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट हलणारा, चार दिवसांसाठी म्हणून घेतला. बाजार बसला. चार दिवसांचे सात महिने झाले. सोबत पत्नी आल्या होत्या. नवऱ्याचा मोबाइल त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता, कारण रात्री-अपरात्री उठून भाव बघणं थांबत नव्हतं.

अशा वेळी धीर देण्यापेक्षा आकडेमोड आधी करावी, असं माझं मत आहे. माणसाला फसवलं गेल्याची शंका असेल तर सांत्वन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मी कागद पुढे केला. इंडेक्स १००, फंड १००. पहिल्या दिवशी इंडेक्स १० टक्के पडला: इंडेक्स ९०, फंड ७०. दुसऱ्या दिवशी इंडेक्स परत १०० वर आला. ९० वरून १०० म्हणजे ११.११ टक्के वाढ. फंड त्याच्या तिप्पट, ३३.३३ टक्के वाढला. ७० चे झाले ९३.३३.

त्यांनी कॅल्क्युलेटर काढून पुन्हा करून पाहिलं. मग म्हणाले, "पण दहा टक्के रोज कुठे पडतं?"

बरोबर आहे, म्हणून धक्का लहान करून पाहिला. एक दिवस इंडेक्स ५ टक्के खाली, दुसऱ्या दिवशी होता तिथे परत. असं लागोपाठ दहा वेळा. वीस दिवसांनी इंडेक्स १०० वरच आहे आणि फंड ८५.३ वर. पंधरा टक्के गेले आणि चोर कुणीच नाही. प्रत्यक्षात एवढी मोठी हालचाल रोज होत नाही, पण सात महिन्यांत लहान-मोठ्या चढउतारांची बेरीज तिथवर पोचवू शकते.

फंडाने शब्द पाळला होता. माहितीपत्रकात तो वचन देतो ते इंडेक्सच्या एका दिवसाच्या हालचालीच्या तिप्पटीचं. सात महिन्यांच्या तिप्पटीचं नव्हे. ते वचन पाळण्यासाठी त्याला रोज बाजार बंद होण्याच्या सुमारास हिशेब नव्याने जुळवावा लागतो: बाजार चढला तर पोझिशन (बाजारात लावलेली रक्कम) वाढवायची, पडला तर घटवायची. बाजार एकाच पट्ट्यात घुटमळत असेल तर याचा अर्थ रोज थोडं महाग घ्यायचं आणि थोडं स्वस्त विकायचं. त्यावर वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास खर्च आणि लिव्हरेजसाठी लागणाऱ्या पैशावरचं व्याज, तेही भावातूनच वजा होतं. मंदीवाले उलटे फंडही (इंडेक्स पडला की वाढणारे) याच पद्धतीने चालतात. त्यामुळे अशा घुटमळणाऱ्या, साइडवेज बाजारात तेजीचा आणि मंदीचा, दोन्ही तिप्पट फंड एकाच वेळी तोट्यात दिसू शकतात.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजार एकाच दिशेने चालला तर हीच पद्धत तुमच्या बाजूने काम करते. इंडेक्स सलग दहा दिवस रोज १ टक्का वाढला तर एकूण वाढ १०.५ टक्के होते आणि फंड ३१.५ ऐवजी ३४.४ टक्के वाढतो. म्हणून हे फंड वाईट आहेत असं मी कुणाला सांगत नाही. अमेरिकेतल्या फिन्रा या नियामक संस्थेने जून २००९ मध्येच ब्रोकरांना कळवलं होतं की, रोज नव्याने जुळणारे असे फंड एका सत्रापेक्षा जास्त काळ ठेवू पाहणाऱ्या, विशेषतः अस्थिर बाजारातल्या, सामान्य गुंतवणूकदाराला सहसा योग्य नसतात. ही सूचना फंड ठेवण्याच्या मुदतीबद्दल होती, आणि आमच्या गृहस्थांचं गाडं नेमकं तिथेच अडलं होतं.

"चार दिवसांनी का नाही विकलात?"

"तोट्यात होतो ना. म्हटलं, लाँग टर्ममध्ये बाजार वरच जातो. मग खाली आणखी घेतले. सरासरी भाव खाली यावा म्हणून अॅव्हरेज केलं."

ट्रेड फसला की त्याचं बारसं करून 'गुंतवणूक' हे नाव ठेवायचं, हा अनुभवी ट्रेडरांचाही जुना उद्योग. साध्या शेअरमध्ये तो कधी कधी खपून जातो. तिप्पट फंडात थांबून राहण्याचीच किंमत मोजावी लागते. शिवाय तुम्ही थांबलात तरी फंड तसाच राहील याची हमी नसते. मार्च २०२० च्या अखेरीस सोन्याच्या खाण कंपन्यांवरच्या काही प्रसिद्ध फंडांचं लिव्हरेज तिप्पटीवरून दुप्पटीवर आणण्यात आलं. प्रचंड घसरणीनंतर भरपाईची वाट पाहत बसलेल्यांना वर येताना तिप्पट वेग मिळालाच नाही. रिव्हर्स स्प्लिटचाही घोळ असतो. एका सकाळी भाव चौपट दिसतो, आनंद होतो, मग लक्षात येतं की युनिटांची संख्या एक चतुर्थांश झाली आहे.

एवढा वेळ गप्प असलेल्या पत्नींनी इथे विचारलं, "ह्यात आपले एकूण किती आहेत?"

बरंच आढेवेढे घेऊन उत्तर आलं: ट्रेडिंगच्या भांडवलाच्या चाळीस टक्के. मी म्हटलं, तिप्पट फंडात चाळीस टक्के म्हणजे इंडेक्सवर एकशेवीस टक्के. "म्हणजे होतं तेवढं सगळं लावलं आणि वर आणखी," त्या म्हणाल्या. गृहस्थांनी हा गुणाकार सात महिन्यांत एकदाही केला नव्हता. ते फंडाला 'एक पोझिशन' समजत होते, इतर शेअर्ससारखीच. मार्जिनवर (ब्रोकरकडून उधार घेऊन) काही घेतलं आहे का, तेही मी लगेच विचारून घेतलं. सुदैवाने नव्हतं. अमेरिकेत साध्या शेअरसाठी किमान २५ टक्के मेंटेनन्स मार्जिन (पोझिशनमध्ये कायम ठेवावा लागणारा स्वतःचा वाटा) लागतं, तर तिप्पट फंडासाठी ७५ टक्के. उधारीवर उधारी चढवली की पुढे काय होतं याची नियम करणाऱ्यांनाही चांगली कल्पना आहे.

मग पोझिशन किती असावी? इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण झोप उडते ती बहुतेकदा आकारामुळे, दिशा चुकल्यामुळे कमी. भांडवल १०० धरा. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त १ गमवायची तयारी आहे. इंडेक्स ४ टक्के विरुद्ध गेला तर आपला अंदाज चुकला असं मानायचं ठरवलं, तर फंडात ती हालचाल साधारण १२ टक्क्यांची. १ भागिले ०.१२, म्हणजे साधारण सव्वाआठ. शंभरातले जेमतेम आठ. गृहस्थांचे होते चाळीस, आणि ते अॅव्हरेज करण्याच्या नादात वाढतच गेलेले. बरेच जण याच्या उलट करतात: पोझिशन मोठी ठेवायची आणि ती झेपावी म्हणून स्टॉप-लॉस अगदी जवळ लावायचा. तिप्पट फंडात तो नेहमीच्या चढउतारातच हिट होतो. दिवसातून तीनदा स्टॉप-लॉस हिट झाला की माणूस चौथ्यांदा तो लावतच नाही.

स्टॉप-लॉसवरच्या श्रद्धेबद्दलही बोलावं लागलं. साधी स्टॉप ऑर्डर भाव लागताच मार्केट ऑर्डर बनते आणि समोर जो भाव असेल तो घेते. २४ ऑगस्ट २०१५ च्या सकाळी अमेरिकेत काही नावाजलेले ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) बाजार उघडताच ३० टक्क्यांहून जास्त घसरले. त्यांच्यातले शेअर्स तेवढे पडले नव्हते आणि थोड्याच वेळात भाव बरेचसे सावरले. ज्यांच्या स्टॉप ऑर्डर लागल्या होत्या, ते मात्र त्या तळाला विकून बाहेर पडले होते. लिमिट (याहून कमी भावाला विकायचं नाही, अशी अट) लावली तर असा भाव टळतो, पण ऑर्डर पूर्णच न होण्याची शक्यता राहते. दोन्हींतून एक धोका पत्करावाच लागतो. बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मार्केट ऑर्डर टाकू नये, एवढं मी ठामपणे सांगते.

बाजार बंद असताना तर कुठलाच स्टॉप कामाचा नाही. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी अस्थिरता निर्देशांकाच्या (बाजारातल्या अपेक्षित चढउताराचं माप) उलट चालणारी एक लोकप्रिय नोट, म्हणजे फंडासारखा विकला जाणारा कर्जरोखा, बाजार बंद होईपर्यंत चौदा-पंधरा टक्के खाली होती. बाजार बंद झाल्यानंतर ती कोसळली आणि एकूण नव्वद टक्क्यांहून जास्त मूल्य गेलं. महिना संपायच्या आत ती नोट बंद झाली. तिच्यात तिप्पट लिव्हरेजही नव्हतं. म्हणून रात्रभर ठेवायची पोझिशन दिवसाच्या पोझिशनपेक्षा लहान हवी.

शेवटी तोच प्रश्न: "आता विकू की ठेवू?" त्याचं उत्तर मी देत नाही, बाजाराचा अंदाज सांगणं माझं काम नाही. मी एवढंच विचारते: ही सगळी रक्कम आज सकाळी रोख हातात आली असती, तर त्यातून आज हाच फंड, एवढाच घेतला असता का? ते बराच वेळ कागदावरच्या ८५.३ कडे बघत राहिले. "घेतला असता," म्हणाले, "पण आठाच्या वर नाही."

मग आठाच्या वरचं विकायचं ठरलं, एकदम नाही, दोन टप्प्यांत. करातला परिणाम आधी तपासून, कारण तोटा दाखवायचा आणि लगेच तेच परत घ्यायचं, याला काही देशांत आडकाठी असते. अमेरिकेत विक्रीच्या आधी किंवा नंतर ३० दिवसांत तेच घेतलं तर तोटा त्या वेळी वजा करता येत नाही. नव्या ट्रेडच्या वहीत एक जादा रकाना आला: 'किती दिवसांसाठी'. तो ट्रेड घेण्यापूर्वी भरायचा आणि नंतर खाडाखोड करायची नाही.

विकल्यानंतर फंड चांगला उसळला. फोन येणार हे मला माहीतच होतं. "थांबलो असतो तर..." अशी सुरुवात झाली. मी नव्या पोझिशनचा आकार विचारला. आठ. मुदत? तीन दिवस, उद्या संपते. "उद्या नफ्यात असलो तरी विकायचं का?" त्यांनी विचारलं. लिहिलंय तसं, मी म्हटलं. वाढवायचंच असेल तर नवी नोंद, नवं कारण, नवी मुदत.

ते अजूनही हे फंड घेतात. पत्नीचं म्हणणं, हे सगळं बंदच करा. त्या दोघांचं यावर अद्याप एकमत झालेलं नाही.